रेंज लुकअप क्वेरी रखडतेय? मग लोकलचं वेळापत्रक वाचतो तशी वाचायला लावा

सकाळची बोरिवली-चर्चगेट फास्ट, बॅग पुढे घेतलेली, एक पाय कसाबसा आत, आणि खिशातला फोन वाजतोय तो थांबतच नाहीये. ऑफिसमधला नवीन पोरगा. "दादा, रात्रीचा जॉब अजून चालूच आहे." मी बोललो किती झाला? तर बोलतो तेच तर कळत नाहीये, नुसता चालू आहे.

जॉब, म्हणजे रात्री आपोआप चालणारं डेटाबेसचं काम, तसा साधा होता. लॉगिनच्या लॉगमध्ये आयपी ॲड्रेस, म्हणजे इंटरनेटवरचे मशीनचे पत्ते, पडलेले असतात, दुसऱ्या टेबलात आयपीच्या रेंज आणि त्यापुढे शहर, प्रत्येक आयपी कुठल्या रेंजमध्ये बसतो ते बघायचं आणि शहर चिकटवायचं. बस. पोराने इंडेक्सपण (ओळी पटकन सापडाव्यात म्हणून टेबलाला जोडलेली क्रमवार यादी) लावला होता, एक नाही दोन लावले होते, तरीपण क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, रखडली. अंधेरी यायच्या आतच माझ्या लक्षात आलं होतं लोचा कुठे असणार, कारण हाच लोचा मी स्वतः केलेला आहे, दोन वेळा, दोन वेगवेगळ्या नोकऱ्यांत. म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकू.

हे फक्त आयपीपुरतं नाही हां. पिनकोड कुठल्या डिलिव्हरी झोनमध्ये येतो, पार्सलचं वजन कुठल्या स्लॅबमध्ये बसतं, अमुक तारखेला मालाचा रेट काय होता, कार्डाचा नंबर कुठल्या बँकेच्या सिरीजमधला, हे सगळं एकच दुखणं आहे. टेबलात "पासून" आणि "पर्यंत" असे दोन कॉलम, हातात एक आकडा, आणि तो आकडा कुणाच्या पोटात बसतो ते शोधायचं.

सगळेजण पहिल्यांदा लिहितात ती क्वेरी ही. (क्वेऱ्या इथे देवनागरीत लिहितोय, तुम्ही एडिटरमध्ये नेहमीसारख्याच टाइप करा. क्ष म्हणजे तुमच्या हातातला आकडा.)

सिलेक्ट शहर फ्रॉम आयपी_रेंज
व्हेअर सुरू <= क्ष अँड शेवट >= क्ष;

वाचायला एकदम बरोबर, उत्तरपण बरोबर देते, आणि १००० ओळींच्या टेस्ट टेबलवर डोळ्याची पापणी लवायच्या आत येते. ३० लाख ओळींवर टाका म्हणजे कळेल.

आता इंडेक्स असून ही रखडते का ते बघू, कारण हे समजलं की पुढचं सगळं आपोआप समजतं. साधा इंडेक्स म्हणजे बी-ट्री, म्हणजे क्रमाने लावलेली यादी, लोकलच्या वेळापत्रकासारखी. वर पहाटेची पहिली गाडी, खाली रात्रीची शेवटची, सगळ्या सुटायच्या वेळेप्रमाणे लावलेल्या. आता मी विचारतो, ९:१४ च्या आधी सुटलेल्या आणि ९:१४ च्या नंतर पोचणाऱ्या गाड्या सांग. वेळापत्रक सुटायच्या वेळेप्रमाणे लावलंय, त्यामुळे पहिली अट त्याला पटकन कळते, ९:१४ वर बोट ठेवलं की वरच्या सगळ्या गाड्या आधी सुटलेल्या. पण त्यातली कुठली ९:१४ नंतर पोचते हे त्या क्रमातून कळत नाही, म्हणून तो बिचारा पहाटेच्या पहिल्या गाडीपासून एकेक ओळ वाचत खाली येतो, ही पोचली का, ही पोचली का, ही पोचली का.

तुमचा डेटाबेस अगदी हेच करतो. सुरू आणि शेवट दोन्हींवर मिळून एक इंडेक्स लावला तरी तेच. जोडइंडेक्समध्ये पहिल्या कॉलमवर बरोबरचं चिन्ह असेल तरच दुसऱ्या कॉलमचा क्रम कामाला येतो, पहिल्यावरच लहान-मोठं आलं की दुसऱ्याचा उपयोग फक्त गाळणीसारखा, वाचायच्या ओळी काही कमी होत नाहीत. दोन कॉलमवर दोन वेगळे इंडेक्स लावले तर अजून गंमत, बहुतेक वेळा तो त्यातला एक घेतो नाहीतर दोन्ही सोडून सरळ अख्खं टेबल वाचायला बसतो.

सरासरी धरली तर निम्मं टेबल. ३० लाखांचं निम्मं १५ लाख. एका लुकअपला. आणि पोराच्या जॉबमध्ये असे लुकअप करायचे होते २ लाख, म्हणजे २ लाख गुणिले १५ लाख, ३० हजार कोटी तुलना. मग सकाळी फोन येणार नाही तर काय होणार.

यातली सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे टेस्टिंग. इंडेक्स सुरूवर आहे आणि तुम्ही टेस्टला १ ने सुरू होणारा आयपी घेतला तर क्वेरी भन्नाट पळते, कारण त्याच्या आधी यादीत फारसं काही नाहीच. तीच क्वेरी २०३ ने सुरू होणाऱ्या आयपीवर रडायला लागते. पहाटे ५ वाजता कोण गाडीत आहे विचारलं तर दोन ओळीत उत्तर, रात्री ११ ला विचारलं तर दिवसभराचं वेळापत्रक पालथं. इंडेक्स शेवटवर लावला की उलटं होतं, मोठे आकडे फास्ट आणि लहान आकडे स्लो. त्यामुळे टेस्ट करताना एक आकडा खालचा, एक मधला, एक वरचा आणि एक कुठल्याच रेंजमध्ये नसलेला, हे चार तरी घ्या. चौथा का ते खाली येतंय, तोच खरा गेम करतो.

आधी मोजा मग हात लावा. पोस्टग्रेस (हा आणि मायएसक्यूएल हे दोन डेटाबेस) असेल तर क्वेरीच्या आधी एक्सप्लेन आणि कंसात ॲनालाइझ, बफर्स लिहा, म्हणजे तो क्वेरी कशी चालवतो (प्लॅन) आणि किती पानं, म्हणजे डेटाचे तुकडे, वाचतो ते सांगतो (१८ व्या व्हर्जनपासून ॲनालाइझ लिहिलं की बफर्स आपोआप येतं). मायएसक्यूएल असेल तर ८.०.१८ पासून एक्सप्लेन ॲनालाइझ आहे. पोस्टग्रेसमध्ये एक गोष्ट नीट बघा, जोडइंडेक्स असेल तर प्लॅनमध्ये "इंडेक्स कंडिशन" च्या पुढे दोन्ही अटी लिहिलेल्या दिसतात आणि माणूस खूश होतो की वा, दोन्ही अटी इंडेक्समधून चालल्या. चालल्या, पण दुसरी नुसती तपासली गेली, तिच्यामुळे वाचन थांबलं नाही. ते कळतं बफर्सच्या आकड्यावरून. एक ओळ शोधायला तीन-चार पानं वाचली तर ठीक, हजारो पानं वाचली असतील तर समजून जा की तो पहाटेपासून चालत आलाय.

अजून एक आकडा बघायचा, अंदाजे ओळी आणि खऱ्या ओळी. डेटाबेस या दोन अटी एकमेकींशी संबंध नसलेल्या धरतो. क्ष जर बरोब्बर मधला असेल तर पहिली अट निम्म्या ओळींना लागू, दुसरी निम्म्यांना, म्हणून तो हिशोब करतो निम्म्याचं निम्मं, पाव टेबल, म्हणजे साडेसात लाख ओळी येणार. खरी येते एक. साडेसात लाख ओळी येणार म्हटल्यावर तो इंडेक्स सोडून फुल स्कॅनला गेला तर त्याची काय चूक? पोरगा मला बोलत होता की डेटाबेस मूर्ख आहे, इंडेक्स असून वापरत नाही. मूर्ख नाही रे, त्याला एक गोष्ट माहीतच नाहीये जी आपल्याला माहितीये. आपल्या रेंज एकमेकींवर चढत नाहीत. एक संपते मग दुसरी सुरू होते. ही गोष्ट टेबलात कुठे लिहिलेली नाही, क्वेरीतपण लिहिलेली नाही, मग त्याला स्वप्न पडणार आहे का?

तर ती त्याला सांगायची. रेंज एकमेकींवर चढत नसतील तर क्ष ज्या रेंजमध्ये असेल ती रेंज म्हणजे क्षच्या आधी किंवा क्षवरच सुरू झालेली शेवटची रेंज. दुसरी कुठली असूच शकत नाही. वेळापत्रकात ९:१४ वर बोट ठेवलं आणि फक्त एक ओळ वर बघितली, झालं काम.

सिलेक्ट शहर फ्रॉम
(सिलेक्ट शहर, शेवट फ्रॉम आयपी_रेंज
व्हेअर सुरू <= क्ष
ऑर्डर बाय सुरू डेस्क लिमिट १) ट
व्हेअर ट.शेवट >= क्ष;

डेस्क म्हणजे उलटा क्रम, मोठ्याकडून लहानाकडे. इंडेक्स फक्त सुरूवर पुरतो, आणि तो बहुतेक प्रायमरी कीच करता येतो. डेटाबेस झाडातून तीन-चार पानं उतरतो, क्षपाशी येतो, उलटी एक एंट्री वाचतो आणि थांबतो. १५ लाखांच्या जागी एक. एसक्यूएल सर्व्हरवाल्यांनी लिमिटच्या जागी टॉप १ घ्यायचं, बाकी तेच.

आता शेवटची अट मी बाहेर का ठेवली ते नीट वाचा, कारण इथेच नव्वद टक्के लोक घाईत माती खातात (टक्के माझ्या मनाचे, पण माती खरी). वाटतं की कशाला एवढा डबल सिलेक्टचा तामझाम, आतच दोन्ही अटी लिहू आणि लिमिट १ लावू. ज्या आयपीला रेंज सापडते तिथे हे मस्त चालतं, पहिल्याच ओळीला दोन्ही अटी जुळतात आणि थांबतो. पण टेबलात जिथे भोक आहे, म्हणजे एक रेंज संपली आणि पुढची लगेच सुरू होत नाही, आणि आपला क्ष त्या भोकात पडला, तर काय होणार? पहिल्या ओळीला शेवटची अट जुळली नाही, लिमिटला एक ओळ हवीये, म्हणून तो अजून एक ओळ वर जातो, तीपण नाही, अजून वर, अजून वर, थेट पहाटेच्या पहिल्या गाडीपर्यंत, आणि तिथे जाऊन सांगतो की काही सापडलं नाही. म्हणजे परत तेच निम्मं टेबल. क्वेरी दिवसभर फास्ट आणि मधेच कुठेतरी एकदम झोपते, मग लोक नेटवर्कला शिव्या घालतात. १० ने सुरू होणारे आतल्या नेटवर्कचे आयपी असल्या टेबलात बऱ्याचदा नसतातच आणि ऑफिसच्या लॉगमध्ये मात्र तेच भरपूर असतात, म्हणजे भोकात पडणारे कमी नाहीत. अट बाहेर ठेवली की आतला भाग एक ओळ उचलून थांबतो, बाहेर तपासतो, जुळलं तर दिलं नाहीतर रिकामं. लिमिट असलेल्या सबक्वेरीच्या आत बाहेरची अट डेटाबेस ढकलत नाही, ढकलली तर उत्तरच बदलेल, त्यामुळे ती काळजी नको.

पण हे सगळं उभं आहे "रेंज एकमेकींवर चढत नाहीत" या एका वाक्यावर. ते खरं आहे का? डेटा देणारा बोलला म्हणून मानू नका, तपासा. विंडो फंक्शन लॅग घ्या (मायएसक्यूएलमध्ये ८.० पासून), सुरूप्रमाणे क्रम लावा, प्रत्येक ओळीशेजारी आधीच्या ओळीचा शेवट आणा, आणि जिथे सुरू हा आधीच्या शेवटाएवढा किंवा त्याहून लहान आहे त्या ओळी काढा. शून्य ओळी आल्या तर बिनधास्त पुढे जा. ओळी आल्या तर ती यादी पूर्ण आहे असं मात्र समजू नका, एखादी लांबलचक रेंज पुढच्या दहा जणींवर पसरलेली असली तरी लॅग फक्त शेजारणीशी तुलना करतो. पूर्ण यादी हवी असेल तर लॅगच्या जागी आधीच्या सगळ्या ओळींमधला सगळ्यात मोठा शेवट घ्या, चालता मॅक्स.

आणि ओळी येतात बरं का. मोठ्या ब्लॉकच्या पोटात छोटा ब्लॉक असतो, बाहेरचा "भारत" आणि आतला "मुंबई". तिथे वरची क्वेरी लावली आणि क्ष आतला ब्लॉक संपल्यानंतरचा पण बाहेरच्याच्या पोटातला असेल, तर शेवटची सुरू झालेली रेंज म्हणून आतला ब्लॉक उचलला जातो, त्याचा शेवट मागेच गेलेला, बाहेरची अट नापास, उत्तर रिकामं. खरं उत्तर "भारत" होतं. एरर नाही काही नाही, गुपचूप चुकीचं. यावर माझ्या मते सगळ्यात बरा उपाय म्हणजे डेटा लोड करतानाच कापून घ्या. बाहेरच्या ब्लॉकचे तुकडे करा, आतल्याच्या आधीचा तुकडा, आतला, नंतरचा तुकडा. ओळी थोड्या वाढतात, पण कापायचं काम महिन्यातून एकदा आणि लुकअप दिवसातून लाखो वेळा.

आता कॉलमच्या टाइपकडे या, कारण इथे बसलेला खडा वरची सगळी मेहनत वाया घालवतो. आयपी टेक्स्ट म्हणून ठेवला असेल तर विसरा. टेक्स्टमध्ये १० हा ९ च्या आधी येतो, कारण तो पहिलं अक्षर बघतो. आकडा करा. चार भाग असतात, पहिला गुणिले २५६ चा घन, दुसरा गुणिले २५६ चा वर्ग, तिसरा गुणिले २५६, चौथा तसाच, आणि सगळ्यांची बेरीज. २०३.०.११३.७ (हा पत्ता फक्त उदाहरणांसाठी राखून ठेवलेल्या ब्लॉकमधला आहे, कुणाचा नाही) याचा आकडा होतो ३४०५८०३७८३. आता साध्या इंटीजरची मर्यादा २१४७४८३६४७, म्हणजे १२८ पासून पुढचे सगळे पत्ते त्यात मावतच नाहीत. मायएसक्यूएलमध्ये अनसाइन्ड इंट घ्या, स्ट्रिक्ट मोड बंद असलेल्या जुन्या सर्व्हरवर साधा इंट ठेवलात तर तो एरर न देता सगळे मोठे पत्ते कापून २१४७४८३६४७ करून ठेवेल आणि तुम्ही बसा डोकं खाजवत. पोस्टग्रेसमध्ये अनसाइन्ड नाही, तिथे बिगइंट. आयपी व्हर्जन सहा आला की १२८ बिट, तिथे मायएसक्यूएलमध्ये १६ बाइटचा व्हारबायनरी आणि पोस्टग्रेसमध्ये आयनेट टाइप, युक्ती मात्र तीच.

दोन्हीकडचा टाइप सारखा हवा, हे पण. कॉलम टेक्स्ट आणि तुम्ही आकड्याशी तुलना केली तर मायएसक्यूएल प्रत्येक ओळीचं रूपांतर करत बसतो आणि इंडेक्स बाजूला. पिनकोडवाले इथे हमखास फसतात, ४००००१ कुणी टेक्स्ट ठेवलेला असतो कुणी आकडा. तसंच कॉलमला फंक्शनमध्ये गुंडाळू नका. डेट(तारीख_वेळ) = आजची तारीख असं लिहिलं की तारीख_वेळवरचा साधा इंडेक्स गेला उडत. त्याऐवजी तारीख_वेळ >= आज आणि तारीख_वेळ < उद्या. आणि बिटवीनमध्ये नुसती ३१ तारीख लिहिली की ती ३१ तारीख सुरू होते त्या रात्री १२ लाच संपते हे विसरून महिनाअखेरीच्या रिपोर्टमध्ये ३१ तारखेच्या दिवसभराच्या एंट्र्या गायब करणारे लोक मी स्वतः बघितलेत, आरशातपण बघितलाय एक.

आता पोराच्या जॉबकडे. एका आयपीला फास्ट झालं, पण २ लाखांना? साधा जॉइन करून बिटवीन लावला की परत पहिल्यासारखंच, कारण जॉइनला लिमिट १ ची युक्ती कळत नाही. इथे लॅटरल लागतो, म्हणजे डावीकडच्या प्रत्येक ओळीसाठी उजवीकडची सबक्वेरी वेगळी चालव.

सिलेक्ट य.आयपी, र.शहर फ्रॉम आयपी_यादी य
लेफ्ट जॉइन लॅटरल
(सिलेक्ट शहर, शेवट फ्रॉम आयपी_रेंज
व्हेअर सुरू <= य.आयपी
ऑर्डर बाय सुरू डेस्क लिमिट १) र
ऑन र.शेवट >= य.आयपी;

पोस्टग्रेसमध्ये हे ९.३ पासून आहे, मायएसक्यूएलमध्ये ८.०.१४ पासून, एसक्यूएल सर्व्हरमध्ये याचंच नाव क्रॉस अप्लाय आणि आउटर अप्लाय, २००५ पासून. जुना मायएसक्यूएल असेल तर सिलेक्टच्या यादीतच एक सबक्वेरी लिहून फक्त सुरूचा आकडा काढा आणि त्यावर परत टेबलाशी जॉइन करा, दिसायला गबाळं आहे पण चालतं. आणि एक अगदी बाळबोध गोष्ट जी आम्ही दोघंही विसरलो होतो, आधी डिस्टिंक्ट करा. एकाच ऑफिसमधले सगळे एकाच आयपीवरून लॉगिन होतात, तोच आयपी हजार वेळा शोधण्यात काय अर्थ आहे. आयपी_यादीमध्ये वेगवेगळेच आयपी टाका, शहर काढा, मग लॉगशी जोडा.

आणि खरं सांगू? रेंजचं टेबल महिन्यातून एकदाच बदलत असेल तर डेटाबेसच कशाला मधे? सुरूचे आकडे क्रमाने एका ॲरेमध्ये घ्या, चार बाइटचा एक आकडा, ३० लाखांचे होतात १२ एमबी. त्यात बायनरी सर्च करा, २२ तुलनांमध्ये उत्तर, कारण २ चा २२ वा घात ४१ लाखांच्या वर जातो. पायथॉनमध्ये बायसेक्ट आहे, जावामध्ये ट्रीमॅपचं फ्लोअरएंट्री आहे (३० लाख ऑब्जेक्ट झाल्यावर मेमरी जरा जास्त खातं), दोन्ही नेमकं "याच्या आधीचा शेवटचा" हेच काढतात. आमच्याकडे शेवटी लाइव्ह एपीआयसाठी हेच ठेवलं आणि रात्रीच्या जॉबसाठी लॅटरल.

तारखेप्रमाणे रेट असलेलं टेबल असेल तर थोडा फरक आहे. तिथे प्रत्येक मालाच्या स्वतःच्या रेंज असतात, एकाच मालाच्या एकमेकींवर चढत नाहीत पण वेगवेगळ्या मालांच्या चढणारच. इंडेक्स मालाचा कोड आणि पासूनची तारीख या क्रमाने. कोडवर बरोबरचं चिन्ह, मग तारखेवर लहान किंवा बरोबर, उलटा क्रम, लिमिट १. क्रम उलटा केलात, तारीख आधी आणि कोड नंतर, तर सगळं मुसळ केरात. चालू रेटला "पर्यंत" रिकामं म्हणजे नल ठेवायची पद्धत असते आणि मग क्वेरीत "नल असेल किंवा मोठा असेल" असा ऑर येतो, ते टाळायचं असेल तर ३१ डिसेंबर ९९९९ टाका, पोस्टग्रेसमध्ये तारखेला इन्फिनिटीपण चालते. रेटमध्ये भोकं नसतीलच, म्हणजे एक रेट संपला की दुसरा लगेच लागू, तर "पर्यंत" कॉलम काढून टाकला तरी चालतो. एक कॉलम कमी, दोघांत ताळमेळ बिघडायची भीती कमी.

आता जिथे रेंज खरोखरच एकमेकींवर चढतात आणि चढायलाच हव्यात. हॉलची बुकिंगं, कामगारांच्या शिफ्टा, "९:१४ ला रुळावर कुठल्या कुठल्या गाड्या होत्या". इथे आधी सुटलेली शेवटची गाडी घेऊन भागत नाही, कारण त्याच्या आधी सुटलेली विरार स्लो अजून मालाडलाच असेल आणि त्याच्याही आधीची डहाणू पार पुढे गेलेली असेल पण पोचली नसेल. लिमिट १ इथे बाद. पण आपल्याला अजून एक गोष्ट माहितीये जी डेटाबेसला माहीत नाही. चर्चगेट ते डहाणू रोड सुमारे १२४ किलोमीटर, लोकलचा त्याच्यापुढे पल्ला नाही, पावसात रखडली तरी समजा ५ तासांच्या वर कुठली लोकल रुळावर राहत नाही. मग ९:१४ ला रुळावर असलेली गाडी ४:१४ च्या आधी सुटलेली असूच शकत नाही. तिसरी अट टाका:

व्हेअर सुटली <= क्ष
अँड सुटली >= क्ष उणे ५ तास
अँड पोचली >= क्ष

आता सुटलीवरच्या इंडेक्सला वरची हद्द मिळाली तशी खालचीपण मिळाली, वर्षभराच्या टेबलातून फक्त ५ तासांचा तुकडा वाचला जातो. ५ तास हा आकडा मनाने टाकू नका, टेबलातून मॅक्स काढा आणि पुढे कुणी त्याहून लांब एंट्री टाकू नये म्हणून चेक कन्स्ट्रेंट, म्हणजे नियम मोडणारी ओळ आत न घेणारी अट, लावा. ही युक्ती तिथे मरते जिथे एखादीच रेंज राक्षसी लांब असते, हजार बुकिंगं दोन-दोन तासांची आणि एक पठ्ठ्या हॉल वर्षभरासाठी घेऊन बसलाय. मग लांबीप्रमाणे डबे करा, एका दिवसापर्यंतची, एका महिन्यापर्यंतची, बाकीची, डब्याचा नंबर एका कॉलममध्ये, इंडेक्स डबा आणि सुरूवर, आणि प्रत्येक डब्यासाठी त्याच्या त्याच्या लांबीची हद्द लावून युनियन ऑल, म्हणजे सगळ्यांची उत्तरं एकाखाली एक जोडा. थोडी मगजमारी आहे पण कुठल्याही डेटाबेसवर चालते.

पोस्टग्रेसवाल्यांना एवढं करायची गरज नाही, त्यांना ९.२ पासून, म्हणजे २०१२ पासून, रेंज हा टाइपच मिळालाय. दोन कॉलमच्या जागी एक रेंज कॉलम, त्यावर जिस्ट इंडेक्स (बी-ट्रीपेक्षा वेगळ्या जातीचा इंडेक्स), आणि "या रेंजमध्ये हा आकडा आहे का" हे विचारणारं ॲट आणि मोठ्याच्या चिन्हाचं ऑपरेटर, @>. जिस्टला दोन्ही टोकं एकदम कळतात, त्यामुळे चढलेल्या रेंजपण नीट सापडतात. वर एक्सक्लूजन कन्स्ट्रेंट लावता येतो, एकाच हॉलची दोन बुकिंगं एकमेकांवर आली तर इन्सर्टच नाकारतो (हॉलचा नंबर त्यात घ्यायला बीट्री_जिस्ट हे एक्स्टेन्शन लागतं), १८ व्या व्हर्जनमध्ये तर प्रायमरी कीलाच विदाउट ओव्हरलॅप्स लावता येतं. म्हणजे लॅग लावून महिन्याला तपासत बसायचं ते काम डेटाबेसनेच उचललं. फुकट मात्र नाही, जिस्ट बनायला वेळ घेतो आणि आयपीसारख्या न चढणाऱ्या रेंजला साधा बी-ट्री आणि लिमिट १ मला नेहमी जास्त हलकं वाटलंय. चढत असतील तर जिस्ट, नसतील तर लिमिट १, मी असं करतो.

मायएसक्यूएलमध्ये रेंज टाइप नाही. लोक तिथे स्पेशियल इंडेक्सची, म्हणजे नकाशासाठीच्या इंडेक्सची, जुगाडू आयडिया करतात, रेंजचा एक चपटा आयत बनवायचा आणि क्षचा बिंदू त्यात बसतो का विचारायचं. इनोडीबीमध्ये (मायएसक्यूएलचं नेहमीचं स्टोरेज इंजिन) हे ५.७ पासून जमतं. ८.० वर करत असाल तर कॉलमला एसआरआयडी (नकाशाच्या मोजपद्धतीचा नंबर) द्यायला विसरू नका, तो नसेल तर इंडेक्स बनतो पण ऑप्टिमायझर, म्हणजे क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग, त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. मी एकदा केलं, चाललं, पण सहा महिन्यांनी ते कोड वाचताना मलाच कळेना हा आयत कशाचा. डब्यांची पद्धत मला जास्त पटते.

बदल लाइव्ह करताना. नवीन डेटा आला की चालू टेबलात डिलीट-इन्सर्ट नको, बाजूला नवीन टेबल भरा, इंडेक्स लावा, लॅगची तपासणी चालवा, ॲनालाइझ करा (म्हणजे टेबलाबद्दलचे डेटाबेसचे अंदाज ताजे होतात), आणि मग नावांची अदलाबदल. तपासणीत एकजरी ओळ आली तर अदलाबदल करायची नाही, जुनाच डेटा चालू दे, एक महिना शिळं शहर दिसलं तर कुणाचं काही जात नाही.

आणि पोराने लावलेले ते दोन इंडेक्स. लगेच उडवू नका, दुसरा कुठला रिपोर्ट त्यांच्या जिवावर चालत असेल तर सकाळी परत फोन. मायएसक्यूएल ८.० मध्ये इंडेक्स आधी इनव्हिजिबल करता येतो, तो राहतो पण क्वेरीला दिसत नाही, महिनाअखेरीचे रिपोर्ट एकदा त्यावर निघून जाऊ देत, कुणी बोंबललं नाही तर ड्रॉप. पोस्टग्रेसमध्ये त्या इंडेक्सचा वापर किती वेळा झाला ते पीजी_स्टॅट_यूजर_इंडेक्सेसमध्ये दिसतं, आकडा महिनाभर हलला नाही तर ड्रॉप इंडेक्स कन्करंटली, म्हणजे टेबल लॉक होऊन बसत नाही. आमच्या दोनातला एक आठवड्यात गेला. दुसऱ्याचा आकडा रोज दुपारी थोडासा हलतोय, कोण वापरतंय ते अजून शोधतोय.